लाल गोलातलं 'येतो'

आमच्या गिरणीत एक ग्रीक म्हातारा येऊन बसला, तेव्हा पहिली तक्रार आमच्या ह्यांनी केली. "गिऱ्हाईक पळायला लागलंय," म्हणाले. "बाई दळण घेऊन आली, बारीक दळ म्हणाली, की तू तिला विचारतेस, बारीक म्हणजे काय. ती काय सांगणार, कप्पाळ? ती जाते शहापूरला दळायला."

खोटं नव्हतं ते. दोन बायका खरंच शहापूरला जायला लागल्या होत्या. पण त्यातली एक मुळातच किरकिरी. तिच्या पिठात कायम दुसऱ्याचं पीठ मिसळलेलं असतं, असं तिचं म्हणणं. ती गेली याचं खापर ग्रीस देशावर फोडण्यात काही अर्थ नव्हता. मी तसं ह्यांना सुनावलंही.

नीट सांगते. सापगावात रस्त्याला लागून आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातलेली, आता मी चालवते. हे शेती बघतात आणि मशीनचा पट्टा तुटला की शिव्या घालत दुरुस्त करतात. माझं वय बावन्न. पन्नाशीच्या तोंडावर मी राहिलेलं बीए पुन्हा करायला घेतलं, घरी अभ्यास करून परीक्षा देता येते त्या सोयीतून. विषय तत्त्वज्ञान. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प लिहायचा असतो आणि मग त्यावर तोंडी परीक्षा. माझा प्रकल्प होता त्या म्हाताऱ्यावर.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या गिरणीत ते कधी कुणाला उच्चारताच आलं नाही. पलीकडच्या आळीत एक काकू राहतात, सत्तरीच्या, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा जीभ अडकली, आणि शेवटी म्हणाल्या, "जाऊंदे गो, तुझा तो बाबा." तेव्हापासून तो बाबाच. मीही बाबाच म्हणते.

तर हा बाबा अनवाणी बाजारात फिरायचा. दिसेल त्याला थांबवून विचारायचा, शौर्य म्हणजे काय, धर्म म्हणजे काय, चांगलं कशाला म्हणायचं. समोरचा ऐटीत उत्तर द्यायचा. बाबा म्हणायचा, वा, पण मला एवढं जरा समजावून सांगा. मग अजून एवढं. आणि अजून एवढं. शेवटी ऐटवाला माणूस घामाघूम. लोकांना हे फार दिवस सोसलं नाही. त्यांनी त्याच्यावर खटला भरला आणि विष पाजलं.

बाबाने स्वतः एक ओळ लिहून ठेवलेली नाही. जे उरलंय ते त्याच्या शिष्याने लिहिलेले संवाद. म्हणजे बाबा खरंच तसं बोलला, की शिष्याने ते त्याच्या तोंडी घातलं, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. अभ्यासाच्या पुस्तकात यावर आठ पानं होती. ती वाचून माझं डोकं उठलं. आणि गिरणीत बसल्यावर दोन मिनिटांत कळलं. काकूंची सून कल्याणला असते, मी तिला लग्नात एकदा पाहिली तेवढीच. पण ती काय बोलते, कशी बोलते, कुठल्या शब्दावर नाक मुरडते, हे मला सगळं पाठ आहे, काकूंच्या तोंडून. त्यातली सून किती आणि काकू किती, ते आपलं आपण ओळखायचं. मी हे जसंच्या तसं प्रकल्पात लिहिलं. काकूंना वाचून मात्र दाखवलं नाही.

आता बीए राहिलं होतं कसं, तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझं माहेर मुरबाडच्या पलीकडचं. कॉलेज मुरबाडला. यायला-जायला जीप, आणि जीपमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना माणसं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पाचच जण होतो. आम्हाला शिकवणारे सर बुटके, गोरे, आणि त्यांच्या शर्टावर कायम खडूची भुकटी. ते शिकवायचे म्हणजे संवाद वाचून दाखवायचे. बाबाचं बोलणं स्वतः वाचायचे आणि समोरच्याचं आमच्यापैकी कुणालातरी वाचायला लावायचे. मला बहुतेक वेळा "अगदी बरोबर" आणि "दुसरं काय असणार" एवढंच वाचायला मिळायचं. पण मी ते अशा काही ठसक्यात वाचायची, की सर हसायचे. आयुष्यात मला पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला डोकं आहे आणि ते कुणालातरी दिसतंय.

तिसऱ्या वर्षाला, माघात, माझं लग्न ठरलं. बाबाच्या शेवटच्या दिवसाचा संवाद तेव्हा अर्धा वाचून झाला होता. मी सरांना सांगायला गेले. ते म्हणाले, "लग्न कर की. पण परीक्षेला ये."

"येते, सर," मी म्हटलं.

"ये," म्हणाले ते, आणि खडू झटकत वर्गात गेले.

मी गेले नाही. नवी नवरी लग्नानंतर दोन महिन्यांत परीक्षा द्यायला माहेरी निघाली, तर लोक काय म्हणतील, असं सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, मला काय कळतंय. बाबा असता तर म्हणाला असता, लोक म्हणजे नक्की कोण, आधी तेवढं सांगा. पण मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मला काय सुचणार? मग मुलगी झाली, मग गिरणी, मग सासऱ्यांचं आजारपण, अशी वर्षं गेली. सर गेल्याचं मला कुणीतरी मुरबाडच्या बाजारात सांगितलं, भेंडी घेताना. मी भेंडी तिथेच विसरून घरी आले. मला फार वाईट वाटलं होतं. आणि माझा मला रागही आला होता, कारण "येते" म्हणाले होते मी.

मुलगी कल्याणला नोकरीला लागली. एका रविवारी घरी आली आणि पाच मिनिटांत मोबाइलवर माझा फॉर्म भरून मोकळी झाली. मला विचारलंही नाही. पहिली दोन वर्षं जुन्या गुणांवर धरली गेली. तिसऱ्याचे पेपर मी दिले, पास झाले. राहिला प्रकल्प.

तर गिरणी ही अभ्यासाला किती सोयीची जागा आहे, ते कुणाला सांगून पटायचं नाही. दळण टाकलेली बाई डबा सोडून जाऊ शकत नाही. बाबाला बाजारात माणसं हुडकावी लागायची, माझ्याकडे ती स्वतःच्या पायांनी येऊन गोणीवर बसायची. फक्त एक अडचण होती. काहीही विचारलं, की खर्डीपासून मुरबाडपर्यंतच्या यच्चयावत बायकांचं एकच उत्तर.

"आमाला काय कळतंय गो?"

आता बाबाचंही सगळं मोठेपण याच वाक्यावर उभं! आपल्याला काही कळत नाही एवढं मला कळतं, म्हणायचा तो. मी काकूंना म्हटलं, "काकू, तुम्ही बाबाच्या तोडीच्या आहात." त्या खूश झाल्या. पण दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, की फरक आहे. बाबा हे वाक्य बोलून पुढे प्रश्न विचारायचा. आमच्या बायका हे वाक्य बोलून प्रश्न बंद करतात. मीही सासूबाईंसमोर तेच केलं होतं.

म्हणून मग मी सोप्यापासून सुरुवात केली. बारीक दळ म्हणालात, तर बारीक म्हणजे काय? एक म्हणाली, रव्यापेक्षा बारीक. मी म्हटलं, मैदाही रव्यापेक्षा बारीक, मैद्याएवढं करू? नाय नाय, मंग चिकट होईल. दुसरी म्हणाली, मागच्या वेळी केलंस तसं. मी म्हटलं, मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात जाडं झालं. इथपर्यंत आल्यावर त्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि ह्याच त्या दोघी, ज्या पुढे शहापूरला गेल्या. काकू मात्र कोपऱ्यातून शांतपणे म्हणाल्या, "थापताना भाकरी फाटली नाय पायजे, एवढं बारीक."

मी मशीनच बंद केलं. अहो, बाबाच्या समोर इतकी मोठमोठी माणसं बसली, सेनापती काय, पुढारी काय, पण एकालाही असं उत्तर देता आलं नव्हतं. वस्तू कशासाठी आहे त्यावरून ती किती हवी ते ठरवायचं! मी ते पिठाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं. काकू म्हणाल्या, "लिवतेस काय? दळ ना."

मग एका शुक्रवारी लाइट गेली. शुक्रवारी दुरुस्तीसाठी जातेच. पाचसहा जणी डबे घेऊन अडकलेल्या. एक म्हणाली, वाच तुझ्या बाबाचं, टाइम तरी जाईल. मी शेवटच्या दिवसाचा संवाद काढला. शहापूरच्या वाचनालयातलं जुनं मराठी पुस्तक होतं, पाठ निखळलेलं, मधली चार पानं गायब. वाचता वाचता अवघड आलं की मी पुस्तक खाली ठेवून आपल्या शब्दांत सांगायची.

तुरुंगात मित्र जमलेत. संध्याकाळी विष प्यायचंय. आणि दिवसभर हे लोक गप्पा कसल्या मारतायत, तर शरीर मेलं तरी आत्मा राहतो का. बाबा म्हणतो, राहतो. तो इथे यायच्या आधीही होता आणि नंतरही असणार. मित्र शंका काढतायत. आणि ज्याला मरायचंय तोच बाकीच्यांची समजूत घालतोय. मग बाबा उठतो आणि आंघोळ करून येतो, का, तर मागून बायकांना प्रेताला आंघोळ घालायचा त्रास नको.

"अगो बाय!" एकजण म्हणाली. "एवढा इचार?"

"आमच्याकडं हयात असताना टॉवेल हातात द्यावा लागतो," दुसरी म्हणाली. सगळ्या खदखदून हसल्या. आमचे हे तेव्हा बाहेर पट्ट्याला मेण लावत होते, त्यांनी मान वर केली नाही.

पुढे तो कोंबड्याचा भाग आला. अगदी शेवटी, अंग गार पडत चाललेलं असताना, बाबा मित्राला आठवण करतो, की अमक्या देवाला आपण एक कोंबडा देणं लागतो, तेवढा द्या, विसरू नका. या कोंबड्याचा अर्थ काय, यावर विद्वानांनी ढीगभर लिहिलंय. आमच्या गिरणीत कुणालाच काही कोडं पडलं नाही. नवस होता, राहून गेला होता, झालं! काकूंनी फक्त एक विचारलं, "मंग, फेडला का त्यांनी?"

मी पान उलटलं. पुस्तक तिथेच संपलं होतं. "लिहिलेलं नाही, काकू," मी म्हटलं.

"काय शिष्य म्हणायचा हा!" काकू म्हणाल्या. "एवढं लिवलं आणि तेच नाय लिवलं."

पण खरी गोष्ट घडली ती याच्या थोडी आधी. विषाचा पेला यायची वेळ झाली, तेव्हा बाबा निरोप घेतो. माझ्या पुस्तकात तिथे होतं 'जातो'. मी तसंच वाचलं. आणि काकूंनी माझ्या मांडीवर फाडकन चापट मारली.

"जातो काय? येतो म्हण!"

"काकू, तो मरायला चाललाय."

"म्हणून काय झालं? तोंडातून तसं काढतात काय? येतो म्हणावं माणसानं." आणि माझ्याकडे नाही, पुस्तकाकडे बघून दटावल्यासारखं पुन्हा म्हणाल्या, "येतो म्हण रे बाबा."

मी हसले. बाकीच्याही हसल्या. पण हसता हसता मी थांबले. कारण काकूंचं बरोबर होतं! सकाळपासून हा माणूस ओरडून सांगतोय, की मी संपत नाही, मी राहणार आहे. मग त्याने 'जातो' म्हणून कसं चालेल? त्याच्या सगळ्या दिवसाचं बोलणं एका शब्दात मावत होतं, आणि तो शब्द आमच्या घराघरात उंबऱ्यावर रोज बोलला जातो. मी प्रकल्पात तो प्रसंग आपल्या शब्दांत लिहिला. शेवटी लिहिलं, बाबा मित्रांना म्हणाला, "येतो."

मुलीने ते टाइप केलं, मी पाठवलं, आणि दोन महिन्यांनी ते परत आलं. चाळीस पानांत सगळीकडे बरोबरच्या बारीक खुणा. पण त्या पानावर, 'येतो'भोवती, लाल पेनाने मोठा गोल. बाजूला लिहिलं होतं, अर्थाचा विपर्यास, 'जातो' हवे, दुरुस्त करून पुन्हा सादर करावे. खाली तपासणाऱ्या मॅडमची सही. आणि सोबत छापील सूचना, की नोंदणीची मुदत याच वर्षी संपते. म्हणजे या खेपेला पास नाही झाले, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. बावन्नाव्या वर्षी पहिल्यापासून कोण करतंय! मला माहीत होतं, मी करणार नाही.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, एक शब्द आहे. मी इथून एका मिनिटात बदलते."

"नको," मी म्हटलं.

"का पण?"

"चूक नाहीये ती."

"अगं, मार्क त्यांच्या हातात आहेत!"

ह्यांनी तर हात जोडले. "एवढा अभ्यास केलास, गिऱ्हाईक घालवलंस, आता डिग्री पण घालव." मी चिडून म्हटलं, घालवीन. आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसले. खरं सांगायचं तर मला ती डिग्री हवी होती. भिंतीवर लावायला नाही, नोकरीला नाही, नुसती हवी होती. त्या दुपारी मी एकदा पेन घेऊन 'येतो' खोडलंसुद्धा, आणि वर 'जातो' लिहिलं. लिहून बघत बसले. आणि मला सर आठवले, खडू झटकताना. मी त्यांना "येते" म्हणाले होते ना? तेव्हा मी काही बघून, अर्थ तपासून नव्हते म्हणाले. पण बत्तीस वर्षं तो शब्द माझ्या मागे लागला होता. तेव्हा "जाते, सर" म्हणाले असते, तर मी आज हे पुस्तक उघडलंच नसतं. मी 'जातो' खोडलं. मुलीला सांगितलं, आहे तसंच पाठव.

तोंडी परीक्षा मुरबाडला होती, माझ्याच कॉलेजात. उन्हाळ्याचे दिवस. एसटीने उतरले तेव्हा साडेदहा झाले होते आणि साडीचा पदर घामाने मानेला चिकटला होता. वर्ग तोच होता की शेजारचा, ते ओळखू येईना. रंग बदललेला, बाकं बदललेली, फळा पांढरा. खडूच नव्हता कुठे. टेबलामागे मॅडम बसल्या होत्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, पुण्याकडच्या, चष्मा, कडक इस्त्रीची साडी, आणि बोलणं असं स्वच्छ, की एकेक शब्द धुऊन वाळत घातलेला.

"बसा," म्हणाल्या. माझा प्रकल्प समोर होताच. सुरुवातीला पुस्तकी प्रश्न विचारले. संवाद कुणी लिहिले, का लिहिले, बाबाची पद्धत काय. मी सांगितलं. काकू आणि सुनेचं उदाहरण वाचून त्यांच्या ओठाचा कोपरा जरा हलल्यासारखा मला वाटला, पण नसेलही. मग त्यांनी खूण घातलेलं पान उघडलं.

"हे मी दुरुस्त करायला सांगितलं होतं."

"हो, मॅडम."

"केलं नाहीत."

"चूक असती तर केलं असतं."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, तो माणूस मृत्यूला सामोरा जातोय. तो परत येणार नाही, हे त्याला माहीत आहे. 'येतो' हा शब्द तिथे खोटा आहे."

मी दिवसभराच्या त्या बोलण्याचं सांगितलं. आत्मा राहतो म्हणणारा 'जातो' कसा म्हणेल, विचारलं. त्या म्हणाल्या, तो युक्तिवाद झाला, मला शब्दाबद्दल सांगा. मी म्हटलं, आमच्याकडे कुणी जातो म्हणत नाही हो, मॅडम. घरातून निघताना कुणी जाते म्हणालं, तर म्हातारी माणसं चापट मारतात.

"ते ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ती बोलण्यातली सवय झाली. न कळता बोलली जाणारी. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी शब्द सवयीने वापरत नाही, अर्थ बघून वापरतो. जाणं म्हणजे जाणं, येणं म्हणजे येणं. गावाकडे चालतं म्हणून इथे चालणार नाही."

गावाकडे! माझं डोकं सणकलं. डोक्यात काकूंची चापट, सरांचा खडू, मुलीचा फोन, सगळं एकदम आलं. बाबा असता तर हसून पुढचा प्रश्न विचारला असता. मी काही बाबा नाही. मला राग आला की पहिल्यांदा कान तापतात आणि मग तोंड सुटतं. पण तोंड सुटलं असतं, तर उरलंसुरलंही गेलं असतं. म्हणून मी पर्स उचलली, खुर्ची मागे सारली, उभी राहिले.

मॅडमनी चष्मा लावून गुणांचा कागद ओढला होता आणि मान खाली घालून लिहायला लागल्या होत्या.

"झालं ना, मॅडम?" मी म्हटलं. "मग जाते मी."

"अहो, जाते काय म्हणता," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, "येते म्हणावं."

त्यांचं पेन थांबलं. मी पर्स छातीशी धरून उभी. त्यांनी हळूच मान वर केली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आधी कोण हसलं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण नंतर मॅडम इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा पुन्हा काढून डोळे पुसावे लागले.

"माझी आई," त्या म्हणाल्या, "शाळेत निघताना मी जाते म्हटलं, की परत घरात बोलवायची. बसवायची, पाणी प्यायला द्यायची, आणि मग येते म्हणूनच जाऊ द्यायची. रोज शाळेला उशीर." मग म्हणाल्या, "तुम्ही हे मुद्दाम केलंत?"

गावात सगळ्यांना मी सांगितलंय, की हो, मुद्दामच. काकूंना तर त्याचा फार अभिमान आहे. पण इथे खरं लिहिते. मला नुसता राग आला होता.

"नाही, मॅडम," मी म्हटलं. "रागाने बोलले."

"बसा," त्या म्हणाल्या. मी बसले. त्यांनी ते पान पुन्हा वाचलं, वरपासून खालपर्यंत, मनातल्या मनात ओठ हलवत. मग लाल पेन घेतलं आणि त्या गोलाच्या कडेवर आडव्या दोन रेघा मारल्या. गोल खोडला, शब्द तसाच ठेवला. गुणांच्या कागदावर काहीतरी होतं, ते खोडून नवीन लिहिलं, आणि कागद माझ्याकडे वळवला. बघायची पद्धत नसते, पण त्यांनी दाखवला. मी पास होते. चांगली पास होते.

"आणि तो कोंबडा?" त्यांनी विचारलं. "तुमच्या काकूंचा प्रश्न मी वाचला. माझ्याकडे उत्तर नाही."

"आमच्याकडे पण नाही," मी म्हटलं. "काकू म्हणतात, खर्डीच्या बाजारातून एक आणून आपणच देऊन टाकू."

मी उठले. दारापर्यंत गेले आणि वळले.

"येते, मॅडम."

"या," त्या म्हणाल्या.

व्हरांड्यात कुणी नव्हतं. ऊन पार भिंतीपर्यंत आलेलं. कोपऱ्यात एक मोडकं लाकडी टेबल टाकून दिलं होतं, आणि त्याच्या फटीत खडूची पांढरी भुकटी अजून होती. की धूळ होती, देव जाणे. मी त्यावर बोट फिरवलं. आजूबाजूला एकदा बघितलं, आणि मोठ्याने म्हटलं, "सर, आले हो मी."